आत्याचा मान

आमचे दादा मुंगी ओलांडत न्हाईत. वाटेत दिसली की तिथंच उकिडवे बसतात, भिंग काढतात, आन् मागचा गाडीवाला ओरडून राहिला तरी म्हणतात, "थांब बाबा, आधी नीट बघू दे." मी सख्खी बहीण, पण कळमनुरीच्या बाजारात कितीदा त्यांना वळख दाखवली न्हाई.

ब्रह्मदेशाच्या जंगलात ते लाकडाच्या कंपनीत मुनीम होते. तिथं लढाई पेटली तवा दादा-वहिनी अंगावरच्या कपड्यांनिशी पायी निघून आले. लोकांनी दागिने वाचवले. आमच्या दादांनी स्पिरिटच्या बाटलीत एक मेलेली मुंगी आणली.

पुढं एकदा मला सासरी कुरुंद्याला त्यांचा निरोप आला. "गुरुवारी बारसं हाये. आत्यानं यावं."

माझ्या हातची परातच पडली. वहिनीचे केस पिकलेले, आन् बारसं? गाव तोंडात शेण घालील म्हणून धसका बसला. पण आत्याचा मान कोण सोडतं? कुंची शिवली आन् गाडी जुंपायला लावली.

जाऊन बघते तर पाळण्यात बाटली.

"दादा, तुमचं डोकं ठिकाणावर हाये का?"

"नीट बघ. डोकं लाल, पाठीवर दोन काटे, पोटावर सोनेरी लव. अशी मुंगी कोणत्याच पुस्तकात न्हाई. समदं वर्णन लिहून झालं, जाणकारांकडं धाडायचं. पण नावाबिगर धाडता येत न्हाई. आन् नाव ठेवावं ते आत्यानंच."

शेजारणी पदरात तोंड घालून हसून राहिल्या. आता वहिनी तरी चार शब्द सुनावील म्हणून मी तिकडं बघितलं. ती घुगऱ्या वाटता वाटता थांबली होती.

"तिकडं लेक झाली होती आमाला," ती म्हणाली. "बारशाआधीच गेली. झाडाखाली मातीआड केली, तवा ही मुंगी त्या मातीवर फिरत होती. तुमच्या दादांनी उचलून घेतली."

आमाला कुणालाच हे ठावं नव्हतं. मी पाळण्यापाशी जाऊन बसले. शेजारणींचं हसू कवाच थांबलं होतं. दादा भिंग पुसत होते, ते पुसतच राहिले.

"तिचं नाव काय ठरवलं होतं?" मी इचारलं.

"ते तुलाच इचारायचं होतं," दादा म्हणाले. "तू लई लांब होतीस."

मला रडू आवरंना. तशीच उठले. कुंची बाटलीला घातली, पाळण्यात वाकले, बुचापाशी तोंड नेऊन कुर्र केलं आन् आमच्या आईचं नाव ठेवलं, गोदावरी.

दादांनी ते कागदावर उतरवून घेतलं. वहिनीनं घुगऱ्यांचं ताट खाली ठेवलं आन् पाळण्याची दोरी हातात घेतली.