शकूसिस्टरचा अर्धा तास

शकूसिस्टर पेशंटच्या चपला जप्त करत. पेनिसिलिनचं इंजेक्शन टोचून झालं की पहिलं काम तेच. चपला उचलायच्या, लोखंडी कपाटात टाकायच्या, कुलूप लावून किल्ली कमरेला खोचायची. "आता अर्धा तास बैस. अनवाणी जायचं तर जा. मलकपेठचा रस्ता बघितलास ना?"

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. साठी उलटलेली, अंगानं काटकुळ्या, मूळच्या परभणीकडच्या. मराठी, दखनी आणि तेलुगू, तिन्ही भाषांत सारख्याच रागावत. माझ्या मुक्ताला अकराव्या वर्षी सांध्यांचा ताप आला आणि जाताना हृदयाची एक झडप खराब करून गेला. तो पुन्हा उलटू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिन, तेही कित्येक वर्षं. म्हणून मी दर एकवीस दिवसांनी शकूसिस्टरांच्या बाकड्यावर.

टोचण्याआधी उलटतपासणी असे. "अंगावर गांधी उठल्या होत्या का? दम लागला? घरात कुणाला दमा?"

"सिस्टर, मागच्या वेळी सगळं सांगितलं की."

"ती मागच्या वेळची पोरगी. ही आजची."

मग बाटली डोळ्यांशी धरून नाव, ताकद, तारीख मोठ्यानं वाचायची. नंतर तीच मुक्ताकडून वाचून घ्यायची. सुई आत गेली की दट्ट्या थोडा मागं ओढून बघायच्या. "रक्त आलं नाही ना? हे मांसातच जायला हवं. नसंत गेलं की संपलं."

'संपलं' हा त्यांचा लाडका शब्द. पेशंट पालथा पडलेला असताना त्याच्या कानाशी म्हणायच्या. टेस्ट डोस साफ आला म्हणून कुणी हसलं, की "त्याच्यावर विसंबू नको, संपलं." शेजारच्या ट्रेमध्ये रिॲक्शनवरचं औषध भरायला तयार असे. ते नसेल तर डॉक्टरांनी सांगूनही त्या सुईला हात लावत नसत.

एकदा एक आटोवाला गयावया करू लागला, "अम्मा, आटो बाहर खड़ा है."

"आटो खड़ा रहता. तू बैठ."

कोपऱ्यावरचा भांड्यांचा दुकानदार मात्र खरंच अनवाणी निघून गेला. सिस्टर ट्रे घेऊन त्याच्या मागोमाग गेल्या आणि उरलेली वीस मिनिटं त्याच्या दुकानात, पातेल्यांच्या उतरंडीशेजारी, त्याच्या तोंडाकडं टक लावून बसल्या. गिऱ्हाईक फिरकलं नाही.

मुक्ताच्या चौदाव्या इंजेक्शनच्या दिवशी मला आबिड्सच्या ऑफिसात साहेबांपुढं उभं राहायचं होतं. मी म्हटलं, "सिस्टर, तेरा वेळा काही झालेलं नाही. आज सोडा."

"तेरा वेळा झालं नाही, हे चौदाव्याला कुठं ठाऊक असतंय?"

मी चिडलो. बोललोही काहीतरी, ते इथं लिहीत नाही. दहाबारा मिनिटं गेली असतील. मुक्ता म्हणाली, "बाबा, तळहात खाजतायत." मी मोबाईलमधून मान वर केली नाही. मग ती पुन्हा बोलली, आणि तो आवाज तिचा नव्हता. घोगरा, गळ्यात काही अडकल्यासारखा. ओठ सुजले होते.

सिस्टरांनी मला कोपरानं बाजूला सारलं. मुक्ताला आडवं केलं, पाय स्टुलावर चढवले, मांडीत औषध टोचलं आणि मगच डॉक्टरांना हाक मारली. "उठू नको बाळा. पडून ऱ्हा. माझ्याकडं बघ." एवढ्या मऊ आवाजात त्यांना बोलताना मी प्रथमच ऐकलं. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मुक्ताचा श्वास मोकळा झाला होता. आम्ही निम्म्या वाटेत असतो तर, हा हिशोब मी आजही पुरा करत नाही.

दुसऱ्या दिवशी मुक्ता घरी आली. फाइलवर लाल अक्षरांत 'पेनिसिलिन देऊ नये' असं लिहून मिळालं, आणि इंजेक्शनऐवजी दुसऱ्या औषधाच्या गोळ्या. आठवड्यानं मी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. सिस्टर त्या दिवसापासून आल्याच नव्हत्या. डॉक्टरांनी घर सांगितलं.

दार सिस्टरांनीच उघडलं. मुक्ताला पाहिलं, तिच्या गालाला हात लावला आणि चहा ठेवायला आत गेल्या. खोलीत पलंगावर एक फार म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. डोळ्यांनी दिसत नव्हतं.

"तुम्ही सिस्टरांच्या आई?" मी विचारलं.

"नाही बाबा. माझा लेक हिच्या सुईनं गेला."

बाई शांतपणे सांगत राहिल्या.

"गावाकडच्या दवाखान्यात होती तवा. नवी होती. लेकाला घसा धरला म्हणून हेच औषध दिलं. त्याला घाई होती, हिनं जाऊ दिलं. तिठ्यावर पडला. तिथला डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. मी तेच धरून चालले असते. पण हीच दारात आली अन् म्हणाली, आई, मी विचारलं नव्हतं त्याला काही."

"मग?"

"शिव्या दिल्या. दार लावलं. तरी दर महिन्याला यायची. उंबऱ्याबाहेर बसायची, जायची. बोलायची नाही. पुढं माझे डोळे गेले. हात धरायला घरात कुणी उरलं नव्हतं. एक दिवस तिची चाहूल आली, म्हटलं, आत ये. तवापासून आम्ही दोघी, आधी गावाकडं, मग इथं."

सिस्टर चहा घेऊन आल्या. मी म्हणालो, "सिस्टर, तुम्ही होतात म्हणून मुक्ता..."

"सुई पण माझीच होती," त्या म्हणाल्या आणि कप माझ्या हातात दिला.

म्हाताऱ्या बाईंनी हवेत हात पुढं केला. मुक्तानं तो धरला. बाईंनी तिचं मनगट, कोपर, खांदा असं चाचपत चेहऱ्यापर्यंत बोटं नेली, नाकाखाली क्षणभर धरली, श्वास लागेपर्यंत.

मग त्या सिस्टरांना म्हणाल्या, "शके, पोरगी चांगली आहे. आठ दिवस झाले, चार घास जेव आता."