फौजदारांचा खिसा

दुकानात साबणाची वडी उचलायची, पँटच्या उजव्या खिशात घालायची, चपला बघायच्या स्टुलावर जाऊन बसायचं, उठायचं, दहा पावलं चालायचं आणि वडी होती तिथे परत ठेवायची. असं करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे फौजदार.

साबण त्यांना नको असतो. खिशात बाळगायच्या पिस्तुलाचा अंदाज घ्यायचा असतो.

नाव दत्ताजी निकम. पोलिसात शिपाई म्हणून लागले, फौजदार होऊन निवृत्त झाले. गाव कराडच्या पलीकडचं, माझ्या माहेराजवळचं. आता दोघंही आयर्लंडातल्या मलिंगार गावी एकाच गल्लीत राहतो. मी मुलाकडे, ते लेकीकडे. लेक सुजाता इथल्या इस्पितळात नर्स आहे. बायको वारल्यावर फौजदार वर्षभर मळ्यातल्या घरात एकटे राहिले, मग इकडे आले. तीन वर्षं झाली. "येत्या सुगीला परत जाणार," हे मी तेव्हापासून ऐकतेय. अडलंय कशावर? पिस्तुलाची निवड व्हायची आहे.

आयर्लंडात कुणाला खिशात पिस्तूल घेऊन फिरता येत नाही, आणि फौजदार कायदा मोडणारे नव्हेत. त्यांचा मोठा जुना रिव्हॉल्व्हर येताना त्यांनी गावच्या ठाण्यात जमा केला. परवाना शाबूत आहे. परत गेल्यावर त्याच परवान्यावर लहान, खिशात मावणारं पिस्तूल घ्यायचं. निवड मात्र इथेच, सवडीनं.

इथले पोलीस त्यांना पटत नाहीत. इथे पोलिसाला गार्डा म्हणतात.

"आक्का, रस्त्यावरच्या गार्डाकडं पिस्तूल नाही! नुसता हसतो आणि हवापाण्याचं बोलतो. ह्याला पोलीस म्हणायचं?"

"तीन वर्षांत तुम्हाला कुणी लुटलं?"

"नाही."

"मग हसू द्या की त्याला."

पिस्तुलाला ते 'वस्तू' म्हणतात. "खिशातली वस्तू कशी पाहिजे, आक्का? असून नसल्यासारखी." हे ऐकून ऐकून मला पाठ झालंय. रिव्हॉल्व्हर घ्यावा, तर त्याचं गोल पोट खिशातून दिसतं. पिस्तूल चपटं, पण फार लहान घेतलं तर मुठीत करंगळीला जागा राहत नाही. हलकं घ्यावं, तर हाताला दणका जास्त. मागे घोडा बाहेर आलेला नको, अस्तरात अडकतो. चाप झाकणारं चामड्याचं म्यान पाहिजेच, आणि त्या खिशात दुसरं काही नको. किल्ली नको, रुमालसुद्धा नको. त्यामुळे त्यांचा डावा खिसा पिशवीसारखा फुगलेला आणि उजवा इस्त्री केलेला.

सुजाताच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, चहाच्या डब्यामागे अकरा पिस्तुलं आहेत. सगळी पुठ्ठ्याची. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून मापात कापलेली, वजनासाठी मागे शिशाचे तुकडे चिकटवलेली. प्रत्येकावर शेरा आहे. 'नामंजूर. बसताना टोचते.' 'नामंजूर. जिना चढताना झोके घेते.' एकावर नुसतंच, 'नामंजूर. मन घेत नाही.'

दुकानातल्या रखवालदारानं एकदा त्यांना हटकलं. फौजदारांनी आपल्या पंचनाम्याच्या इंग्रजीत त्यालाच फैलावर घेतलं. "मी साबण तीन वेळा खिशात घातला. तू तिसऱ्या वेळेला आलास. पहिल्या दोन वेळेला कुठे होतास?" तो बिचारा 'ग्रँड, ग्रँड', म्हणजे ठीक आहे, ठीक आहे, म्हणत मागे सरकला. आता फौजदार दुकानात गेले की तो त्यांना सलाम करतो, आणि फौजदार तो सलाम घेतात.

यंदा मात्र गंमत संपायची वेळ आली. परवान्याची मुदत भरत आली. पुतण्यानं नूतनीकरणाचा अर्ज फोनवर पाठवला, सुजातानं तो छापून आणला. महिनाअखेर अर्ज गेला नाही तर परवाना रद्द. गेला, तर वस्तू कोणती ते त्यात लिहायचं आणि समक्ष हजर व्हायचं. म्हणजे परत जायचं.

सुजाता माझ्याकडे आली. "आक्का, गेले तर मळ्यात एकटेच राहतील. तुम्ही बोला ना, माझं ऐकत नाहीत."

"माझं माझ्या नवऱ्यानं चाळीस वर्षांत ऐकलं नाही. हे काय ऐकणार?"

तरी मी गेले. सकाळचे अकरा वाजले होते. मी अकराही पुठ्ठे टेबलावर मांडले.

"आज एक पसंत करा. मुलगी बघायला आल्यासारखं किती दिवस नावं ठेवणार? हे घ्या."

"नळी आखूड आहे."

"हे?"

"जड."

"आणि हे?"

त्यांनी ते हातात घेतलं, खिशात घातलं, बसले, उठले. मग हळू आवाजात म्हणाले, "ह्यात खोट नाही."

"मग लिहा."

त्यांनी लिहिलं. पुढचा रकाना होता, 'शस्त्राची आवश्यकता असल्याचे कारण'. तिथे पेन थांबलं.

"लिहा की, चोराची भीती."

"चोर कधी आलाच नाही, आक्का. सरकारी कागदावर खोटं कसं लिहू?"

"मग वैरी?"

"वैरी सगळे मेले. माझ्याआधी."

बराच वेळ ते पेनाचं टोपण लावत आणि काढत बसले. मग म्हणाले, "ही गेल्यावर घरात आवाज म्हणून राहिला नाही. पान पडलं तरी मी दचकून उठायचो. एक दिवस भर दुपारी मागच्या दाराशी पावलं वाजली. मी उशाखालचा रिव्हॉल्व्हर काढला आणि रोखला. पुतण्याची बायको होती. हातात कालवणाची वाटी. तिनं वाटी सांडली नाही, आक्का. हळूच खाली ठेवली आणि मागच्या मागे गेली. दुसऱ्या दिवशी परत आली, पण पार बांधापासून ओरडत आली. 'तात्या, मी हाय, मी हाय!' मग रोजच तसं. मला कालवण द्यायला यायचं, तर त्या पोरीला आधी ओरडायला लागायचं. त्याच महिन्यात रिव्हॉल्व्हर जमा केला आणि इकडं आलो."

"मग हे नवं कशाला?"

"वस्तू बघतोय म्हटलं की माणूस जाणार आहे असं वाटतं. लेकीच्या दारात कायमचा येऊन पडला, असं वाटत नाही."

रडणारी माणसं मला आवडत नाहीत. हे रडले नाहीत, चष्मा पुसत राहिले. तेवढं चालतं.

मी विचारलं, "सुजाता ड्यूटीवरून आली की चहा कोण करतं?"

"मी."

"तिच्या युनिफॉर्मला इस्त्री?"

"मीच. तिला कडक घडी जमत नाही."

"ती यायच्या वेळेला खिडकीत कोण उभं असतं?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"मग ह्या घरात तुम्ही पाहुणे कसले, फौजदार?"

त्यांनी अर्ज उलटा करून बाजूला सरकवला. कोरा कागद घेतला, डावीकडे समास सोडला आणि पोलिसी वळणदार अक्षरात वर लिहिलं, 'विषय : शस्त्र परवाना रद्द करणेबाबत.' खाली पत्ता, परवान्याचा क्रमांक. पुढे 'कारण' असं लिहून ते थोडे थांबले, मग एका दमात ओळ पुरी केली आणि कागद माझ्यापुढे केला.

'अर्जदार आता एकटा राहत नाही.'

माझी शाळा चौथीपर्यंतची. ती ओळ मी दोनदा वाचली.

"सही करा," मी म्हटलं. त्यांनी केली. पाकिटाचा डिंक वाळून गेला होता, म्हणून मी उठून पातेल्यातली भाताची चार शितं घेऊन आले.