लांबड्या गाडीची ट्रायल

"मच्छिंद्र, उद्या लांबडी काष्टीच्या बाजारात न्यायची," मालक म्हणाले. "विकली तर परत या. नाही विकली तर नुसती गाडी परत पाठवा."

मच्छिंद्र घाबरला. तसा तो कशानेही घाबरायचा. टेलिफोन वाजला तरी घाबरायचा आणि बराच वेळ वाजला नाही तरी घाबरायचा. पण या खेपेला भ्यायला खरंच कारण होतं.

साल एकाहत्तर. साध्या मोटारीसाठी तेव्हा लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. नगरच्या त्या शोरूममध्ये विक्रेत्याचं काम एवढंच, की आलेल्या माणसाला चहा पाजायचा आणि तोंड पाडून सांगायचं, "अजून आली नाही हो." तोंड पाडणं मच्छिंद्रला उपजतच जमायचं, त्यामुळे नोकरी झकास चालली होती. पण कंपनीने मध्येच एक स्टेशन वॅगन काढली. पुढून मोटार, मागे डिकीच्या जागी काचेच्या खिडक्यांची लांबच लांब खोली आणि वर उचलायचं दार. ती कुणालाच नको होती. मग कंपनीने शक्कल लढवली. आधी वॅगन खपवा, मगच साध्या गाड्या मिळतील. अशी ती लांबडी मालकांच्या गळ्यात पडली आणि मालकांनी ती अलगद मच्छिंद्रच्या गळ्यात घातली.

नंबर लावून बसलेल्या वकिलांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "यात बसलो तर लोक मला कोथिंबिरीचा भाव विचारतील." डॉक्टर म्हणाले, "मागून दवाखान्याची गाडी वाटते. माझेच पेशंट घाबरतील." दिवाळीपासून लांबडी कोपऱ्यात उभी होती. ती तशीच राहिली, तर मच्छिंद्रला जामखेडला जाऊन सासऱ्यांच्या किराणा दुकानात तागडी धरावी लागणार होती. लग्नातच सासरे म्हणाले होते, "मोटारी विकणं काय खरं नाही. आज ना उद्या तुम्ही आमच्याच दुकानात येणार." त्या दुकानातल्या मिरच्यांच्या खकाण्याने तो झोपेतसुद्धा शिंकायचा.

ही गाडी विकायची कशी, ते शिकवायला कंपनीचा एक टायवाला साहेब मुंबईहून येऊन गेला होता. "गाडी विकू नका, सुख विका," तो म्हणाला होता. "मागची सीट पाडा, गादी घाला, गिऱ्हाइकाला आडवं करा. माणूस आडवा झाला की गाडी खपली म्हणून समजा." जाताना त्याने एक गादी आणि एक पांढरीशुभ्र चादर दिली.

शनिवारी सकाळी मालकांनी गाडीची पूजा केली, बॉनेटवर झेंडूचा मोठा हार घातला आणि ड्रायव्हर भीमाच्या शेजारी मच्छिंद्रला बसवून दिलं.

काष्टीच्या बैलबाजारात गिऱ्हाईक ठरलेलं होतं. गहिनीनाथराव, उसाचे बागायतदार. साध्या गाडीचा नंबर लागत नाही म्हणून कावलेले. सोबत त्यांची आई बनुबाई आणि बायको गोजरबाई. गहिनीनाथरावांनी गाडीवर नुसती नजर टाकली. "मागनं लईच मोकळी हाय," असं म्हणून ते भीमाला घेऊन चहाला गेले. उरल्या दोन बायका, आणि त्या तरी अजून गाडीकडे बघत होत्या.

"आजी, यात घरच्यासारखं झोपता येतं. बघा ना जरा आडवं होऊन."

"मी? भर बाजारात?" बनुबाई म्हणाल्या. "तूच दाव झोपून."

मच्छिंद्र नाइलाजाने मागे चढला आणि आडवा झाला. बनुबाईंनी डोकं आत घातलं.

"आन पांघरून? मला पांघरुनाबिगर झोप लागत न्हाई. घे बरं वडून. डोक्यावरनं घे, मी डोक्यावरनंच घेते."

मच्छिंद्रने डोक्यावरून चादर ओढली.

"पायापत्तूर पुरतंय की गं!" बनुबाई खूश झाल्या. "गोजरे, दार लागतंय का बग."

गोजरबाईंनी दार धाडकन आपटलं. "लागतंय." तेवढ्यात कासाराने बांगड्यांची आरोळी ठोकली आणि दोघी सासवासुना तिकडे निघून गेल्या.

त्या दाराची मूठ फक्त बाहेरून होती. मच्छिंद्र चादरीखाली वाट बघत राहिला. आता उघडतील, मग उघडतील. गिऱ्हाइकाला राग येऊ नये म्हणून त्याने हाकसुद्धा मारली नाही. पुढची दारं उघडली तेव्हा त्याला हायसं वाटलं.

"तुमचा मानूस कुठाय?" गहिनीनाथरावांनी विचारलं.

"गेला आसंल आजींबरुबर," भीमा म्हणाला. "या, तवर एक चक्कर मारू."

गाडी सुरू झाली. "भीमा, अरे मी इथं आहे!" मच्छिंद्र ओरडला, पण इंजिन आणि हॉर्न यांच्यापुढे त्याचा आवाज तो काय! बैलांच्या गर्दीतून गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. काचेवर टकटक करावी म्हणून त्याने चादरीचं टोक जरासं उचललं आणि तो जागच्या जागी गार पडला. रस्त्याकडेच्या म्हाताऱ्याने पटका काढून हातात घेतला होता. कांदेवालीने डोळ्यांना पदर लावला होता.

"कोन गेलं रं?"

"पुढं गहिनीनाथ बसलाय. म्हातारीच आसंल."

"बनुबाई? आरं, परवा तर धडधाकट हुती!"

"पुन्याच्या दवाखान्यातनं आनली वाटतं. बग की, केवढी गाडी केलीय. हारबी घातलाय."

उठून बसावं, तर बैलबाजारात प्रत्येकाच्या हातात काठी. मेलेलं माणूस उठून बसलं तर लोक आधी काठी घालणार आणि मग चौकशी करणार. त्याने चादर घट्ट धरली आणि श्वास रोखला. नेमकी तेव्हाच गाडी मिरच्यांच्या ढिगांपाशी अडली. नाकात खकाणा शिरला. मच्छिंद्रने कुलदैवताला नवस बोलून शिंक कशीबशी परतवली.

पुढे गहिनीनाथराव मात्र सुखावत चालले होते. जो तो त्यांना बघून हात जोडत होता. तेही गंभीर चेहऱ्याने हात जोडत होते.

"भीमा, आजवर मला कुनी धड रामराम घालत नव्हतं. गाडीला वजन हाय हां! घेतली म्हनून सांग तुज्या शेटला. आता घरापत्तूर घे, हितंच हाय. बाया येतील मागनं."

मच्छिंद्रने ते ऐकलं. गाडी विकली गेली होती! आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण मेलेल्या माणसाला ओरडायची सोय नसते.

बाजार मागोमाग चालत आला. घरापाशी गाडी थांबते न थांबते तोच गहिनीनाथरावांच्या गळ्यात त्यांचा चुलतभाऊ रंगनाथ येऊन पडला. बांधाच्या भांडणापायी त्याने कैक वर्षांत या घराची पायरी चढली नव्हती. बाजारात त्याच्या बैलजोडीचा सौदा चालला होता. रुमालाखाली बोटं धरली होती, भाव जुळत आला होता. बातमी कानावर पडताच रुमालातून हात काढून तो तसाच धावत आला होता.

"दादा, लई वाईट झालं रं!"

"आरं, मी गाडी घेतली तर तू रडतो कशाला?" गहिनीनाथराव गोंधळले.

पण रंगनाथ ऐकायच्या पलीकडे गेला होता. त्याने मागचं दार उघडलं आणि चादरीवरून दोन्ही पाय मिठीत धरले. "काकू, धा वर्सं तुजं तोंड न्हाई बगितलं गं!"

मच्छिंद्रला गुदगुल्या झाल्या. दातओठ खाऊन त्या सोसल्या, तर मघाची दाबून ठेवलेली शिंक उसळून वर आली. सगळं अंग उडालं, चादर बाजूला पडली आणि तो ताडकन उठून बसला.

एकच पळापळ झाली. कुणी गोठ्यात शिरलं, कुणी पाण्याच्या हौदात पडलं. रंगनाथ तेवढा डोळे मिटून पाय धरून राहिला. "काकू, उठलीस! माफ कर मला!"

"मी काकू नाही हो," मच्छिंद्र रडकुंडीला येऊन म्हणाला, "मी गाडी विकायला आलोय."

हौदातून माणसं बाहेर आली आणि काठ्या वर झाल्या. "मेल्याचं सोंग घेतो व्हय रं?" मच्छिंद्रने पुन्हा चादर डोक्यावर ओढून घेतली.

"कोन गेलं गं?" मागून आवाज आला. नव्या बांगड्या भरून बनुबाई दारात उभ्या होत्या. उरलेसुरले होते तेही पळाले.

"तुमीच गेला, आत्याबाई," गर्दीतली कुणी बाई चाचरत म्हणाली.

आता सगळा प्रकार गहिनीनाथरावांच्या ध्यानात आला. हात जोडलेला सगळा बाजार त्यांच्या डोळ्यांपुढून सरकला आणि ते लालबुंद झाले. "न्या ही तिरडी नगरला! नको आमाला!"

मच्छिंद्रच्या नाकात थेट जामखेडचा खकाणा शिरला.

बनुबाई मात्र गाडीकडे बघतच नव्हत्या. त्या रंगनाथकडे बघत होत्या. "रंग्या, तू आलास?"

"बैलं तशीच सोडून आलो, काकू."

बनुबाई खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. म्हातारीला इतकी वर्षं एकच धास्ती होती, की आपल्यामागे हा पोरगा मातीलासुद्धा येणार नाही. बऱ्याच वेळाने त्या उठल्या.

"गहिनी, गाडी घे."

"आये, लोक हसतील."

"आज रडलं ना? मग हसू दे. माज्यामागं कोन रडंल ते मला जित्तेपनी कळलं. तुज्या साध्या गाडीनं कळलं आसतं व्हय?" त्या मागच्या गादीवर पाय पसरून बसल्या. "रंग्या, पुढं बस भावाशेजारी. तुजी बैलं आनू."

लांबडी विकली गेली. मच्छिंद्र नगरला परतला तो मान ताठ करून. मालकांनी पेढे वाटले आणि कंपनीला तार केली. कंपनी इतकी खूश झाली की तिने ठरवून टाकलं, नगर जिल्ह्यात स्टेशन वॅगनला फार मोठी मागणी आहे. पुढच्या महिन्यात साध्या गाड्यांच्या आधी आणखी दोन लांबड्या येऊन दारात उभ्या राहिल्या.

"घाबरू नका," मालक प्रेमाने म्हणाले. "काष्टीला जे केलंत तेच करायचं. या खेपेला जामखेडचा बाजार घ्या. तिथं तर तुमचं सासरच आहे."

मच्छिंद्रने मान डोलावली आणि धुऊन आलेली पांढरी चादर काखेत घेतली. जामखेडला बाजाराच्या तोंडाशी पहिलंच दुकान सासऱ्यांचं होतं.