अळिवात उभे सामुराई

रविवारी दुपारी, स्केगनेसची गाडी पकडायला तासभर उरला असताना, सेड्रिक हॅलमची वाळू संपली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर साठ सामुराई ओळीने उभे होते. बोटाच्या पेराएवढे, शिशाचे. चिलखतं रंगवून झाली होती, पाठीवरची निशाणं लावून झाली होती. राहिली होती ती पायाखालची जमीन. प्रत्येक शिपाई लाकडाच्या एका गोल चकतीवर उभा होता. त्या चकतीवर गोंद लावून वाळू भुरभुरायची, रंगवायची, मग ती जमीन दिसते. तसं केलं नाही तर शिपाई रणात उभा आहे असं वाटत नाही, बशीत उभा आहे असं वाटतं.

"म्यूरियल, घरात वाळू आहे का गं?"

"आहे ना, पलंगाखाली समुद्र आहे, त्याच्या शेजारी," माडीवर बॅग भरणारी म्यूरियल म्हणाली. "बहिणीकडे स्केगनेसला चाललोय आपण. तिथे किनारा भरून वाळू आहे, ती आण."

"मला आत्ता हवी."

"मग शुक्रवारपर्यंत अनवाणी उभे राहा म्हणावं त्यांना."

पण शुक्रवारी संध्याकाळी परत यायचं आणि शनिवारी सामना. आणि हा सामना साधा नव्हता.

त्यांच्या एल्डरथॉर्प गावात, चर्चमागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी युद्धखेळाचं मंडळ जमतं. टेबलावर डोंगर, नद्या, भातशेतं मांडायची, त्यावर फौजा मांडायच्या आणि फासे टाकून लढायचं. मंडळात जपानी फौजा भरपूर होत्या, पण त्या एकमेकींशी लढू शकत नव्हत्या. सेड्रिकचं म्हणणं, एक माणूस, एक चकती. सामुराई एकटा लढतो, एकटा मरतो. त्याच्या नियमांचं पुस्तक आठ पानांचं होतं. विल्फ टॉमलिनचं म्हणणं, लढाई फौज लढते. आठ माणसं एका फळीवर चिकटवा आणि फळीच पुढे सरकवा. त्याचं नियमांचं पुस्तक दाराला अडसर म्हणून लावता आलं असतं. एकाने कबड्डीचा संघ आणायचा आणि दुसऱ्याने खो-खोचा, असा प्रकार वर्षानुवर्षं चालला होता.

शेवटी मंडळाने ठरवलं, दोघांनी लढावं. जिंकेल त्याचे नियम आणि त्याच्याच चकत्या किंवा फळ्या सगळ्यांनी कायमच्या घ्यायच्या. हरेल त्याने आपली सगळी फौज पायापासून उपटून नव्याने चिकटवायची. सेड्रिकची फौज दोन हिवाळ्यांची होती आणि त्याने प्रत्येक शिपायाला वेगळ्या मिशा काढल्या होत्या. उपटणं म्हणजे निम्म्यांचे घोटे मोडणार. सामना मात्र नाणेफेकीनुसार विल्फच्या नियमांनी व्हायचा होता.

"तुझे नियम, तर तुझे नियम," सेड्रिक तेव्हा म्हणाला होता. "मी तुला तुझ्याच अंगणात हरवेन, लेका."

सेड्रिकचा स्वतःवर पहिल्यापासून विश्वास फार. वाळू नाही म्हटल्यावर तो थांबला नाही. त्याने फळीवरच्या बरण्या धुंडाळल्या आणि एका बरणीत त्याला बारीक, तांबूस तपकिरी बिया सापडल्या. नदीकाठच्या गोट्यांसारख्या.

"बी म्हणजे तरी काय," तो स्वतःशी म्हणाला, "जरा महाग वाळूच."

ते अळीव होते. भिजले की अळिवाचं काय होतं हे आपल्याकडे ज्याने बाळंतिणीची खीर पाहिली आहे त्याला सांगायला नको. सेड्रिकला ठाऊक नव्हतं. त्याने पाण्यात कालवलेला गोंद लावला, वर बिया भुरभुरल्या, आणि त्या बिया फुगून, बुळबुळीत होऊन, आपल्या आपणच चकतीला घट्ट धरून बसल्या. असा आज्ञाधारक माल त्याला आयुष्यात मिळाला नव्हता. त्याने वरून पातळ तपकिरी रंगाचा हात मारला.

गोंद भरभर वाळला की त्याला भेगा पडतात, सावकाश वाळला की नाही, हा त्याचा जुना सिद्धांत. म्हणून त्याने साठही शिपाई गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या टॉवेलांच्या कपाटात ठेवले. तिथे ऊब होती. दमटपणा हवा म्हणून वर म्यूरियलचे ओले टॉवेल टांगले. मग हात धुऊन, शीळ घालत तो गाडी पकडायला निघाला.

शुक्रवारी संध्याकाळी परत आल्यावर म्यूरियलने टॉवेल काढायला कपाट उघडलं. 

"सेड्रिक," ती म्हणाली, "तुझ्या माणसांना केस आलेत."

सेड्रिकने येऊन पाहिलं. कपाटात फिकट पिवळं रान माजलं होतं. सामुराई दिसत नव्हते. मधूनमधून एखाद्या भाल्याचं टोक, एखाद्या निशाणाचा कोपरा वर आला होता, बस्स. त्याने एक रोप धरून हलकेच ओढलं. रोपाबरोबर सामुराई चकतीसकट वर आला. मुळांनी त्याच्या दोन्ही पायांना विळखा घातला होता.

"हे माझे अळीव आहेत," म्यूरियल म्हणाली.

"होते. आता ती रणभूमी आहे."

"रणभूमी असू दे नाहीतर दफनभूमी. बी माझं आहे. उद्या सामन्याच्या चहाला मी अंडं आणि अळिवाच्या कोवळ्या पाल्याचं सँडविच कबूल केलंय. जाण्याआधी दोन मुठी पेरून ठेवायचं राहिलं, म्हटलं पाला बाजारातून आणू, पण पुढच्या वेळी पेरायला बी तरी उरलंय का?"

"एक चिमूट आहे."

"काय बाई माझं नशीब," म्यूरियल म्हणाली. "लोकांचे नवरे दारू पितात."

 सेड्रिक विल्फचं जाडजूड पुस्तक उघडून बसला होता. भूभागाच्या प्रकरणात त्याला हवं ते सापडलं. पंधरा मिनिटांनी त्याने सगळे शिपाई उचलून खिडकीत मांडले आणि त्यांना थोडं पाणीही घातलं. सकाळी उजेड लागल्यावर रान हिरवंगार झालं होतं.

हॉलमध्ये सेड्रिकने टेबलावर आपली फौज मांडली तेव्हा विल्फने चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"हे काय आहे?"

"फौज."

"ही फौज आहे? ही सॅलडची थाळी आहे, राजा. मिस पिंचबेक, जरा इकडे या बघू."

मिस ऑड्री पिंचबेक पंच होत्या. उभी हयात कोर्टात कारकुनी केलेली बाई. त्यांच्या निवाड्यावर मंडळात कुणी ब्र काढत नसे.

"तुझ्याच पुस्तकातलं प्रकरण वाच, विल्फ," सेड्रिक शांतपणे म्हणाला. "जे टेबलावर दिसतं तेच खरं. गवत कमरेच्या वर असेल तर आतला माणूस दिसत नाही. दिसत नाही त्याच्यावर बंदूक चालत नाही."

"ते टेबलावरच्या गवताबद्दल आहे. चालत्या गवताबद्दल नाही."

मिस पिंचबेकनी पान वाचलं, पुढचं वाचलं, मग उलटून मागचंही वाचलं. "गवताने एका जागीच उभं राहिलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही, मिस्टर टॉमलिन. हे कलम तुम्हीच घातलं होतं."

विल्फची सगळी भिस्त बंदूकधाऱ्यांवर. त्यांच्या फळ्यांमागून फळ्या उभ्या, वाती पेटलेल्या, आणि समोर दिसतंय काय, तर हिरवळ. हिरवळ हळूहळू जवळ येत होती. सेड्रिक आठ-आठ चकत्या हाताच्या पंजाने पुढे सरकवायचा आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, "वारा सुटलाय वाटतं." चहाची वेळ होईपर्यंत विल्फचा डावा भाग मोडला होता आणि नदीवरचा पूल गेला होता.

"आता कुणीही टेबलाजवळ राहायचं नाही," मिस पिंचबेकनी बजावलं. "सगळ्यांनी पलीकडच्या खोलीत. कुणाचं कोपर लागलं, कुणी काही हलवलं, अशी तक्रार नको."

खेळाडू पलीकडे गेले. म्यूरियल खेळाडू नव्हती. तिला स्वयंपाकघरात जायला हॉलमधूनच वाट होती. सकाळी बाजारात अळिवाची एक पेटीही मिळाली नव्हती, आणि ती शब्दाची पक्की होती.

सँडविचं उत्तम झाली होती. विल्फ हरत असला तरी त्याची भूक हरली नव्हती.

"म्यूरियल, अळीव काय ताजे आहेत गं," चौथं उचलत तो म्हणाला. "दुकानातल्याला अशी चव नसते."

"घरचे आहेत," म्यूरियल म्हणाली.

विल्फने घास घेतला आणि चावता चावता थांबला. दोन बोटं तोंडात घालून त्याने काहीतरी बाहेर काढलं, रुमालाला पुसलं आणि उजेडात धरलं. ते नखाएवढं पांढरं निशाण होतं, त्यावर काळं वर्तुळ.

सेड्रिकने आपल्या हातातलं सँडविच सावकाश बशीत ठेवलं.

सगळे हॉलमध्ये धावले. टेबलावर कापणी उरकली होती. हिरवळीच्या जागी खुंट होते, आणि त्या खुंटांमध्ये साठ सामुराई उघडे उभे होते. काहींचे भाले अर्धे झाले होते. नीट रांगेने, एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे कापत गेल्याचं दिसत होतं.

"वरवरचं घेतलं आणि तीनदा धुतलं," म्यूरियल दारातून म्हणाली. "बी माझं होतं."

विल्फचा चेहरा उजळला. "जे टेबलावर दिसतं तेच खरं," तो म्हणाला. "मिस पिंचबेक, मला दिसतायत हे लोक. चांगले दिसतायत. बंदुका भरू?"

"थांब, थांब," सेड्रिक म्हणाला. "तेराव्या पानावर काय आहे? सामना चालू असताना जो खेळाडू टेबलावरचा भूभाग मोडेल किंवा बिघडवेल तो बाद."

"मी कुठे मोडला? तुझ्या बायकोने कापला."

"ती खेळाडू नाही. तिला नियम लागत नाही. पण तू खाल्लास. चार वेळा."

मिस पिंचबेक खुर्चीवर बसल्या. त्यांनी बराच वेळ विचार केला. "खाणं हे मोडण्यातच धरावं लागेल," त्या म्हणाल्या. "पुरावा पोटात गेला म्हणून गुन्हा नाहीसा होत नाही. मिस्टर टॉमलिन, तुम्ही बाद."

सेड्रिकने विल्फपुढे हात केला. "छान लढलास."

"मिस्टर हॅलम, तुम्ही किती खाल्लीत?"

सेड्रिकचा हात तसाच राहिला. "दीड," तो म्हणाला.

"तुम्हीही बाद. बाकीच्या सभासदांनीही खाल्लीत, म्हणजे मतदान घ्यायलाही कुणी उरलं नाही. आणि मी दोन खाल्ली, म्हणजे पंच म्हणून मीही गेले." त्यांनी हॉलभर नजर फिरवली. "ज्याने खाल्लं नाही असं इथे कोण आहे?"

 मग हळूहळू सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"तू का नाही खाल्लंस?" सेड्रिकने बायकोला विचारलं.

"मला माहीत होतं ना, ते कुठून आलेत."

तेव्हा निवाडा म्यूरियलकडे गेला. ती ओल्या हातांनीच टेबलापाशी आली. दोघेही एकदम आपापली बाजू मांडू लागले, तेव्हा तिने त्यांना गप्प केलं.

"मला एवढंच सांगा, कुणाचे नियम लवकर आटपतात?"

"माझे," सेड्रिक छाती काढून म्हणाला. "दोन तासांत लढाई संपते. याची लढाई संपायला रविवार उजाडतो."

"मग तुझे नियम. हॉलच्या किल्ल्या मला पाचला द्यायच्या असतात."

सेड्रिकने विल्फकडे पाहिलं. तेवढ्यात म्यूरियलने पुढचा प्रश्न टाकला.

"आणि कपाटात जागा कमी कशाला लागते? चकत्यांना की फळ्यांना?"

"फळ्यांना," विल्फ घाईने म्हणाला. "निम्मीही लागत नाही."

"मग फळ्या याच्या. मला टॉवेल ठेवायला कपाट हवंय."

मिस पिंचबेकनी वही उघडली. 

"अगं पण," सेड्रिक म्हणाला, "माझ्या नियमांत माणूस एकेकटा लढतो. आणि आठ जण एका फळीला चिकटलेले असतील तर एकेकटा लढणार कसा?"

"का? नवराबायको नाही का," म्यूरियल म्हणाली. "एका घरात चिकटून राहतात आणि एकेकटे भांडतात."

यावर मिस पिंचबेकनी निवाडा नोंदवून घेतला.

पुढचे काही रविवार विल्फने सेड्रिकच्या स्वयंपाकघरात बसून काढले. सेड्रिकला आपली फौज उपटून फळ्यांवर लावायची होती, आणि विल्फला घोटे न मोडता उपटायची युक्ती येत होती. विल्फला एकट्यादुकट्याच्या लढाईचे नियम शिकायचे होते, आणि ते सेड्रिकला येत होते. दोघेही पहिल्या रविवारी म्हणाले की हे चालणं शक्य नाही. दुसऱ्या रविवारी, फळीवरचा एक शिपाई मेला तर त्याच्या डोक्यावर लोकरीची कडी अडकवायची असं ठरलं. तिसऱ्या रविवारी कडीच्या रंगावरून भांडण झालं, म्हणजे खेळ जमायला लागला होता.

वर्षभराने मंडळात गॅरेथ रोबॉटम नावाचा एक नवा तरुण आला. त्याने खोकं उघडून आपली फौज मांडली, सगळे शिपाई सुटे, गोल चकत्यांवर. मग त्याने आजूबाजूच्या फळ्या पाहिल्या, त्यावरच्या लोकरीच्या कड्या पाहिल्या.

"एक विचारू का?" तो म्हणाला. "माणसं एकेकटी लढतात, तर ती सुटीच का नाही उभी करत? किंवा चिकटवायचीच आहेत, तर सगळी फळी मिळून का नाही लढत?"

विल्फ आणि सेड्रिकने एकमेकांकडे पाहिलं. विल्फने त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"बस, बाळ," तो म्हणाला. "सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं."

"या दोनच टोकांत अडकलेले लोक असतात," सेड्रिक म्हणाला. "त्यात त्यांचा दोष नाही. पण यामागे किती अभ्यास आहे हे तुला इतक्यात नाही कळायचं."

"कुणी केला अभ्यास?"

"आम्ही," दोघेही म्हणाले. आणि विल्फने गॅरेथच्या फौजेतला पहिला शिपाई अलगद उचलला, उलटा धरला, आणि याला नेमकं कुठून उपटायला सुरुवात करावी ते पाहू लागला.