मल्लूची पुटीन

कॅनडातून मल्लिनाथचं पत्र आलं आणि गिरणीतल्या सिद्राम जॉबरच्या घरातली चूल थंडावली. इंजिनिअरिंग शिकायला गेलेल्या पोरानं लिहिलं होतं, 'इथे रोज पुटीन खातो. तळलेला बटाटा, त्यावर चीज आणि वरून गरम तपकिरी रस्सा.' रस्सा मटणाचा असतो, हे पुढचं वाक्य सिद्रामनं वाचून दाखवताना गिळलं होतं. ज्या घरात अंड्याचंही नाव निघत नाही, तिथं दुसरं काय करणार? त्याच्या बायकोला, नागूबाईला, वाचता येत नव्हतं, एवढीच देवाची कृपा.

"रस्सा कशाचा?" नागूबाईनं नेमकं तेच विचारलं.

"त्ये न्हाय लिवलं."

"मग वंगाळच आसणार. तार करा. पोराला म्हागारी बोलवा."

शिक्षणाचं एकच वर्ष उरलं होतं. सिद्रामनं विनवण्या करून तिच्याकडून एक कबूल करून घेतलं. पुटीन तिनं स्वतः खाऊन बघायची, चांगली निघाली तर तारेचं नाव काढायचं नाही.

काम आलं स्टँडजवळच्या खाणावळीवाल्या सिद्धप्पाकडं. त्यानं पत्र तीनदा वाचलं आणि डोकं खाजवलं.

"चीज म्हंजे नासलेलं दूधच की. आन् रस्सा?"

"कायबी कर, फकस्त मटण नको," सिद्राम कुजबुजला.

मग कांदा-लसणाचा झणझणीत रस्सा ठरला. सिद्रामला सुट्टी सोमवारी, म्हणून सोमवार धरला. तिथंच त्याचं नशीब फिरलं. नागूबाई खाणावळीत बाकावर बसली, रश्शाचा वास आला आणि ती उठलीच.

"आज माझा सिद्धेश्वराचा उपास. ठावं न्हाय व्हय?"

चोवीस वर्षं दर सोमवारी एकट्यानं भाकरी खाणाऱ्या माणसाला एवढंही आठवू नये! सिद्रामनं कपाळावर हात मारला.

"बसा वो अक्का," म्हणत सिद्धप्पा आत गेला आणि शेंगदाण्याची आमटी करून घेऊन आला. तीच त्यानं बटाट्यावर ओतली. "आता समदं उपासाचं. बटाटा, दूध, शेंगा."

नागूबाईनं एक घास घेतला. मग दुसरा. सिद्राम श्वास रोखून बघत होता. बघता बघता बशी रिकामी झाली.

"लई चांगली हाय की वो!"

सिद्रामच्या जिवात जीव आला. "मग? मी काय म्हणत हुतो?"

पण नागूबाईनं पदर डोळ्यांना लावला होता. "त्यो रोज ह्येच खातोय न्हवं? आवो, म्हंजे माजं पोरगं रोज उपास करतंय! वरीसभर भाकरीचा तुकडा न्हाय त्याच्या पोटात!"

उपास नाही हे पटवायचं, तर मटण सांगावं लागणार. खरं सांगितलं तरी तार, लपवलं तरी तार. इतका हताश सिद्राम गिरणीच्या संपातसुद्धा झाला नव्हता. त्यानं सिद्धप्पाकडं पेन मागितलं.

"काय लिवू?"

"लिवा," नागूबाई हुंदके देत म्हणाली, "उपास सोडायला ये."