तायडेसाहेबांची हरकत

रोज सकाळी सात वाजता तायडेसाहेब माझ्या अंगणातून जातात. मागचं लोखंडी फाटक ढकलतात, भांडी घासायच्या कट्ट्याला वळसा घालतात, आमच्या हिला "ताई, चालू द्या तुमचं" असं म्हणतात आणि पुढच्या फाटकातून बाहेर पडतात. पहिल्या दिवशी मी त्यांना अडवलं, तर मीच त्यांच्या घरात घुसल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी बारा मीटरच्या रस्त्यानं जाऊन राह्यलो," ते म्हणाले. "तुमी रस्त्यात हा."

"कुठला रस्ता? इथं माझं घर आहे."

"घर असन. पन नकाशात रस्ता हाय. नकाशात हाय ना, मंग हाय."

हे वाक्य मी त्यानंतर इतक्या वेळा ऐकलं आहे की दुकानात एखादं औषध संपलं तरी माझ्या तोंडून निघतं, यादीत आहे ना, मग आहे.

तायडेसाहेब नगररचना खात्यात अनुरेखक होते. अनुरेखक म्हणजे साहेबानं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तीच रेघ पुन्हा काढणारा माणूस. स्वतःची एक रेघ आयुष्यात काढायची नाही, दुसऱ्याची चुकवायची नाही. अशी तीस वर्षं काढल्यावर माणसाचं काय होतं ते पाहायचं असेल तर माझ्या अंगणात सकाळी सातला या. खात्यात त्यांना कुणी साहेब म्हटलं नाही. ते आम्ही गल्लीवाल्यांनी सुरू केलं, चिडवायला. त्यांना ते खरंच वाटलं आणि आता आमची जीभ मागे वळत नाही. बायको वारली, मुलगी अकोल्याला दिली. घरात ते एकटेच, आणि भिंतीवर आमच्या गावाची मंजूर विकास योजना.

गाव वाशीम जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या कुणीतरी माझा बांधकाम परवाना मागेल, आणि तो माझ्याकडे नाही.

हे गाव वाढलं कसं, तेही ऐकून ठेवा. कुणाच्या तरी वावरातलं सोयाबीन निघतं आणि पुढच्या पेरणीआधी तिथं चुन्याच्या रेघा पडतात. मुरमाचे दोन रस्ते, चार सिमेंटचे खांब आणि एक कमान. कमानीवर इंग्रजी नाव, त्यात हिरवळ, दरी किंवा डोंगर यातलं काहीतरी असलंच पाहिजे. मग रिठदचे मास्तर, आसेगावचे ग्रामसेवक आणि कामरगावचा मी, असे सगळे शहाणे लोक पोरांच्या शिक्षणासाठी तिथं प्लॉट घेतात. नळाला पाणी येत नाही म्हणून बोअर मारतात, बोअरला पाणी लागत नाही म्हणून टँकर बोलावतात, आणि टँकर वळायला जागा नाही म्हणून नगरपरिषदेच्या नावानं बोटं मोडतात. जागा का नाही, तर प्रत्येकानं ओटा, जिना आणि तुळशीवृंदावन रस्त्यात काढलेलं असतं. माझं तुळशीवृंदावनही रस्त्यातच आहे.

या सगळ्या गोंधळाखाली एक दुसरंच गाव आहे, जे फक्त नकाशात आहे. तिथं रुंद रस्ते आहेत, दोन मैदानं आहेत, भाजीबाजार, वाचनालय, सगळं आहे. तायडेसाहेब त्या गावात राहतात. आमच्या गावात ते फक्त जेवायला आणि झोपायला येतात.

वाचनालयाच्या आरक्षित जागेवर गेली काही वर्षं बिअर बार आहे. तायडेसाहेब दर रविवारी तिथं जातात, गल्ल्यासमोर उभे राहतात आणि "पेपर आला का?" असं विचारतात. सुरुवातीला मालकानं त्यांना हाकललं. मग कंटाळून त्यानं खरोखरच एक पेपर लावला. आता साहेब कोपऱ्यातल्या टेबलावर चष्मा लावून अग्रलेख वाचतात आणि आजूबाजूला लोक ग्लास हळू ठेवतात. मैदानाच्या जागेवर मंगल कार्यालय आहे. एका लग्नात ते पंगतीच्या मधून, दोन पात्रांच्या बरोबर मधल्या रेषेनं चालत गेले. वधूच्या मामानं जाब विचारला, तर म्हणाले, "मैदानात कोनाले अडवता येत नाही, भाऊ." मामानं त्यांना जेवायला बसा म्हटलं. ते बसले नाहीत. मैदानात जेवणावळ घालायची परवानगी नाही म्हणाले.

सत्तारभाईंच्या फर्निचरच्या कारखान्यातून तर तो बारा मीटरचा रस्ता आरपार जातो. सत्तारभाई हुशार. त्यांनी कपाटं आणि पलंग सरकवून मधे वाट करून ठेवली आहे. "आओ साब, रस्ता खुल्ला है," म्हणतात. मी एकदा त्यांना विचारलं, का लाड करता या माणसाचे? ते म्हणाले, "भाऊ, पूरे गाव में एकच आदमी है जो बोलता है की यहां रस्ता होना. बाकी सब बोलते, यहां मेरा होना." मला ते तेव्हा पटलं नाही. म्हटलं, सत्तारभाईंना गिऱ्हाइकं कमी असतील.

हा सगळा फेरफटका संपतो आमच्या कॉलनीच्या मागे, आरक्षण क्रमांक सतरा, बगीचा, इथं. बगीचा म्हणजे अर्थातच वावर. कुणी वसंतराव नावाचा म्हातारा शेतकरी ते वाहतो. जमीन त्याची, पण वीसेक वर्षांपासून तिच्यावर बगीच्याचं आरक्षण, त्यामुळे ना विकता येत, ना बांधता येत. नगरपरिषदेनंही ती कधी ताब्यात घेतली नाही. तायडेसाहेब धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, असे बसतात, जणू बाकावर बसले आहेत. समोर म्हातारा तण काढायचा डवरा धरून जातो, येतो. हे बघतात. तासभर. दोघांत एक अक्षर नाही. माझ्या गच्चीवरून हे रोज दिसायचं आणि मला त्या शेतकऱ्याची कीव यायची. आपलं वावर वाहताना समोर असला एक पहारेकरी कुणाला हवा असतो?

यंदा गावाची नवीन प्रारूप योजना आली. नवीन योजना आली की आमच्या गावात एक विशेष रोग येतो. जो तो आपल्या घरावर काय पडलं ते बघायला नगरपरिषदेत धावतो, आणि दुसऱ्याच्या घरावर पडलं असेल तर समाधानानं चहा पितो. यावेळी नव्या नकाशातही बगीचा कायम होता. वसंतरावांच्या जमिनीवर नजर ठेवून असलेले प्लॉटवाले बबनराव लगेच कामाला लागले. त्यांनी रविवारी कॉलनीत तर्रीपोहे ठेवले आणि पोह्यांच्या शेजारी एक छापील अर्ज. आम्ही पोहे खाल्ले आणि सह्या केल्या. आमच्याकडे सही करायची ती अशीच, एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हातात पेन. वाचायला तिसरा हात लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माझ्या अंगणात थांबले. पहिल्यांदाच थांबले. हातात त्या अर्जाची प्रत.

"तुमी इंग्रजी औषधं इकता, मराठी वाचता येते का?"

"येतं की."

"मंग वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. त्यात लिहिलं होतं की आम्ही खालील सह्या करणारे रहिवासी लिहून देतो की या भागात बगीच्याची कोणतीही गरज नाही, लहान मुलांना खेळायला रस्ते पुरेसे आहेत, सबब आरक्षण वगळण्यात यावं. सातवी सही माझी. माझी नात त्याच रस्त्यावर खेळताना मोटरसायकलखाली येता येता वाचली, त्याला महिना झाला नव्हता. मला माझीच इतकी चीड आली की मी साहेबांवर ओरडलो. म्हटलं, तुमचा काय संबंध? जमीन तुमची नाही, प्लॉट तुमचा नाही, तुम्हाला नातवंड इथं नाही. बगीचा झाला काय आणि नाही झाला काय?

त्यांनी अर्जाची घडी करून खिशात ठेवली आणि रस्त्यानं, म्हणजे माझ्या कट्ट्याला वळसा घालून, निघून गेले.

त्यांनी उलट हरकत दाखल केली. सात मुद्द्यांची. लोकसंख्येच्या मानानं मोकळी जागा किती हवी, नाल्याचा उतार कुठला, कोणत्या झाडाची सावली किती, सगळं त्यांच्या त्या रेखीव अक्षरात. महिन्याभरानं सुनावणी लागली. मी सही मागे घ्यायला गेलो होतो असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी साहेबांची फजिती बघायला गेलो होतो.

नगरपरिषदेचा हॉल. पुढे समिती, मधे अध्यक्ष म्हणून बाहेरगावाहून आलेले एक निवृत्त अधिकारी, बाजूला कागद सावरणारा कारकून. बबनराव पांढरे कपडे घालून पहिल्या रांगेत. वसंतराव शेवटच्या रांगेत, पायातल्या चपला दाराशी काढून ठेवलेल्या. तायडेसाहेबांनी उभं राहून सातही मुद्दे वाचले. हॉल पेंगत होता. वाचून झाल्यावर अध्यक्षांनी माझाच प्रश्न विचारला.

"तायडे, तुमचा या जागेशी संबंध काय?"

मी कान टवकारले. आता नकाशात आहे ना, मग आहे, हे वाक्य येणार, हॉल हसणार. पण साहेब कागद चाळत राहिले. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. तेव्हा शेवटच्या रांगेतून आवाज आला.

"लहाना भाऊ हाय तो माह्या."

तायडे आडनाव आमच्या तालुक्यात गल्लीला दोन सापडतात. मला कधी शंकाच आली नव्हती.

वसंतराव अनवाणीच पुढे आले. भावाकडे न पाहता अध्यक्षांना म्हणाले, "सायेब, मागच्या नकाशाच्या टायमाले यानंच रेघ मारली वावरावर. मी म्हनलं, बावा, हात जरासा सरकव, बगीचा बाजूले नाल्याकडं पडते. नाही सरकवला. साहेबाची रेघ हाय म्हने. तवापासून आमी बोलत नाही."

"मग आज तुमचं म्हणणं काय? आरक्षण काढायचं ना?"

"काढा. पोरगा पुन्याहून मांगं लागला हाय. मले बी आता डवरा उचलत नाही. पन सायेब, याले बगीच्याचं काई पडलं नाही. हे सात मुद्दे बिद्दे सोडा. रोज सकाळी येते, धुऱ्यावर बसते, मले पाह्यते. याले वाटते, वावर गेलं त मी पुन्याले जाईन, मंग पाहाले भेटनार नाही, म्हनून हे सारं चालू हाय."

कुणी हसलं नाही. बबनरावसुद्धा खाली पाहायला लागले. तायडेसाहेब तीन फुटांवर उभे होते आणि सात मुद्द्यांच्या कागदाची घडी घालत होते. 

"तुम्ही कधी बोलला नाहीत त्यांच्याशी?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी काहून बोलू? मी मोठा हावो."

"मग आता बोला."

"तुमीच सांगा त्याले," वसंतराव म्हणाले. "म्हना, मी पुन्याले जात नाही. पोराले सांगून टाकलं मी. प्लॉट पडले का एक आपल्यासाठी ठेवतो, तिथं दोन खोल्या बांधतो. सकाळी च्याले तिथं येत जाय म्हना."

अध्यक्ष भला माणूस. त्यांनी घसा साफ केला, तीन फुटांवरच्या तायडेसाहेबांकडे वळले आणि गंभीरपणे म्हणाले, "तुमचे बंधू सांगताहेत की ते पुण्याला जाणार नाहीत. सकाळी चहाला या म्हणतात." कारकुनानं विचारलं, हे कामकाजात घ्यायचं का. अध्यक्षांनी त्याला हातानंच गप्प केलं.

मी या माणसाची वर्षानुवर्षं टर उडवली आहे, आणि त्या क्षणी मी त्यांच्या बाजूचा झालो हे लिहायलाही मला लाज वाटते. पण झालो होतो.

साहेब कारकुनापाशी गेले. "हरकत मांगं घ्याची हाय," म्हणाले. त्यासाठी साधा अर्ज लागतो. त्यांनी पेन घेतलं, पण ज्या हातानं तीस वर्षांत एक रेघ हलू दिली नाही, त्यातून अक्षर काही उमटेना. शेवटी मी उठलो आणि त्यांच्या हातातून कागद घेतला. ध्यानात घ्या, त्या हॉलमध्ये आता बगीच्याची बाजू घेणारा एकही माणूस उरणार नव्हता. दोन भाऊ बोलते व्हावेत म्हणून माझ्या नातीचा बगीचा जात होता, आणि त्याचा अर्ज मी लिहीत होतो. नाव लिहिलं, आरक्षण क्रमांक लिहिला, हरकत मागे घेत आहे असं लिहिलं.

"कारन लेहा लागते," कारकून म्हणाला.

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथं वसंतराव एका हातानं भिंत धरून चपला घालत होते आणि निघत नव्हते.

"लेहा," तायडेसाहेब म्हणाले, "मोठ्या भावाच्या सांगन्यावरून."