चिप तपासून घेतलेली बरी

डबलचेकरावांचा जुना कॉम्प्युटर एका सकाळी मान टाकून बसला. कॉलेजात असताना घेतलेला, टीव्हीला जोडायचा, कीबोर्डच्या पोटातच सगळा कारभार असलेला. चालू केला तर पडदा काळा. डबलचेक हे नाव अर्थातच ऑफिसातलं. गॅस बंद केलाय ना हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

"प्रोसेसर गेला," त्यांनी निदान केलं.

तसली चिप आता कोणी बनवत नाही. सगळा बाजार पालथा घातल्यावर जुने सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात ती मिळाली.

"साहेब, अ‍ॅडॉप्टर बघितलात का? कधी कधी तोच चिप जाळतो," दुकानदार म्हणाला.

"तो ठणठणीत आहे. नुसता हात लावला तरी चटका बसतो, इतका करंट येतोय."

दुकानदाराने गिऱ्हाइकाकडे नीट पाहिलं आणि आणखी एक चिप काढून ठेवली.

दोन्ही चिप घरी येऊन निकामी झाल्या. दुकानदार फसवतोय की कॉम्प्युटरमध्ये दुसरंच काही बिघडलंय? आता खात्री करणं आलं. बायको घरीच भरतकामाची कामं घ्यायची आणि तिच्या जुन्या कॉम्प्युटराइज्ड मशीनमध्ये नेमकी तीच चिप होती. एका शाळेच्या बिल्ल्यांची ऑर्डर शुक्रवारी द्यायची होती. ती नीट गेली तर शाळा दरवर्षी तिच्याकडेच येणार होती. बायको दोरे आणायला बाहेर पडली, आणि यांनी पाच मिनिटांसाठी चिप उपसली. तीही गेली.

"अहो, मशीन सुरू का होत नाहीये?"

खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सगळं सांगून टाकलं.

बायकोने हातातले दोरे खाली ठेवले. "चालतं मशीन उघडलंत?"

"चालतं होतं म्हणूनच. बंद मशीनमधली चिप घेऊन कसली खात्री होणार?"

त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवी चिप आणली. पण बायकोच्या मशीनला ऐरीगैरी चिप कशी लावायची? आधी आपल्या कॉम्प्युटरमध्ये तपासली. गेली. मग आणखी एक आणली, तीही तपासली आणि पुन्हा दुकान गाठलं.

"ही शेवटची," दुकानदार म्हणाला. "साहेब, तुम्ही या खाता का हो?"

शुक्रवारी सकाळी ती शेवटची चिप टेबलावर ठेवून डबलचेकराव हात धुवायला गेले. घामेजल्या हाताने चिपला शिवायचं नसतं. साबण दोनदा लावून बाहेर येतात तो मशीन खडखडतंय आणि बिल्ल्यावर अक्षरं उमटतायत.

"कुणी बसवली?"

"मी. खाचेला खाच लावली. तुम्हीच रोज जेवताना समजावत होतात ना."

"न तपासता?"

"न तपासता."

त्यांचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी बिल्ले गेले, शाळेच्या बाईंनी पुढच्या वर्षीचंही काम दिलं, आणि बायको कितीतरी दिवसांनी हसली. डबलचेकराव मशीनकडे कौतुकाने बघत होते.

"म्हणजे ही चिप शंभर टक्के चांगली आहे."

"हो."

"मग माझ्याकडे चालायलाच पाहिजे. फक्त पाच मिनिटं..."

कापडाची मोठी कात्री घेऊन बायको शांतपणे त्यांच्या कॉम्प्युटरच्या वायरीकडे गेली.

डबलचेकराव लगबगीने तिच्या मागोमाग गेले.

"आधी प्लग काढ," ते म्हणाले.